घरची भाषा मराठी: कॅलिफोर्नियातील शाळांच्या इंग्रजी-शिक्षण सेवेचे परीक्षण

ऑगस्ट 2021 मध्ये आम्ही सातारा जिल्ह्यातून कॅलिफोर्नियात आलो, तेव्हा आमची मुलगी आठ वर्षांची होती. पहिली आणि दुसरी या दोन इयत्ता ती मराठी माध्यमातून शिकली होती, त्यातली दुसरी तर जवळजवळ पूर्णपणे फोनच्या पडद्यावर. येथील सरकारी शाळेत तिला तिसरीत प्रवेश मिळाला आणि प्रवेशअर्जासोबत घरच्या भाषेची प्रश्नावली हाती आली. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलू लागले, घरी ते बहुतेक वेळा कोणती भाषा बोलते, आईवडील त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात आणि घरातली मोठी माणसे कोणती भाषा वापरतात, असे चार साधे प्रश्न त्यात असतात. मी चारही ओळींवर मराठी लिहिले. त्या उत्तरांमुळे पुढची चार वर्षे मुलीला जी सेवा मिळाली, तिचे हे परीक्षण आहे. शाळेचे आणि डिस्ट्रिक्टचे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचे, नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या सेवेचा साचा राज्याने ठरवलेला आहे आणि मला खटकलेल्या बहुतेक गोष्टी त्या साच्यातल्याच आहेत.

आमच्या इमारतीतल्या एका मराठी वहिनींनी मला आधीच बजावले होते, "फॉर्मवर सरळ इंग्लिश टाक गं, नाहीतर पोरीवर शिक्का बसतो आणि मग वर्षानुवर्षे निघत नाही." येथील भारतीय पालकांमध्ये हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यामागची भीती अगदीच निराधार नाही, हे पुढे येईलच. तरीही मी तो मानला नाही आणि कोणी मानू नये असे माझे मत आहे. घरची भाषा इंग्रजी लिहिली की मुलाची भाषाचाचणी होत नाही. चाचणी झाली नाही की ज्या मदतीवर त्याचा कायदेशीर हक्क आहे, ती मागायला आपल्या हाती काही उरत नाही. खरे लिहिल्यास प्रवेशानंतर 30 दिवसांच्या आत एल्पॅक नावाची प्राथमिक चाचणी घेतली जाते आणि तिच्या निकालावरून मूल 'इंग्रजी शिकणारे', म्हणजे येथील बोलीत 'ईएल', ठरते किंवा ठरत नाही. वहिनी म्हणत होत्या तो शिक्का हाच. आमची मुलगी अर्थातच ईएल ठरली. 2022-23 या वर्षी राज्यात अशी सुमारे 11 लाख मुले होती, म्हणजे साधारण पाचात एक, आणि त्यांतल्या पाचांपैकी चारांची घरची भाषा स्पॅनिश होती. मराठी मूल या गर्दीत कोणाच्या खिजगणतीत नसते, याची जाणीव पहिल्याच आठवड्यात झाली.

ही मदत म्हणजे शाळेची मेहरबानी नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुमारे 1,800 चिनी वंशाच्या मुलांना, इंग्रजी येत नसतानाही, कोणतीही वेगळी मदत न देता वर्गात बसवले जात होते. त्यांच्या वतीने लढवलेल्या लाऊ विरुद्ध निकोल्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये एकमताने निर्णय दिला की, सर्वांना सारखीच पुस्तके, सारखेच शिक्षक आणि सारखाच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही. मदत नेमकी कशी द्यायची, हे मात्र त्या निकालात नव्हते. ती उणीव 1981 मध्ये टेक्सासमधून आलेल्या कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड या खटल्यात अपील न्यायालयाने बरीचशी भरून काढली: कार्यक्रम तज्ज्ञांना मान्य असलेल्या सिद्धान्तावर उभा असावा, तो राबवण्यासाठी पुरेसे शिक्षक आणि साधने असावीत, आणि काही काळाने परिणाम तपासून ते दिसत नसतील तर कार्यक्रम बदलावा. खानावळीची पारख चव, स्वच्छता आणि दर पाहून करावी, तशा या तीन कसोट्या मला आयत्याच मिळाल्या.

सिद्धान्ताची बाजू भक्कम आहे, निदान कागदावर तरी. टोरोंटोचे संशोधक जिम कमिन्स यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस एक भेद मांडला, जो आज या क्षेत्रातल्या प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ असतो: मैदानावर, जेवणाच्या सुट्टीत बोलण्यापुरती भाषा मुले साधारण दोन वर्षांत आत्मसात करतात, पण धड्यातली, गणिताच्या उदाहरणातली, विज्ञानाच्या उत्तरातली भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. संशोधक केंजी हाकुटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातल्या, या कामात यशस्वी मानल्या जाणाऱ्या दोन डिस्ट्रिक्टमधील नोंदी तपासल्या. त्यांत बोलण्याच्या प्रभुत्वाला तीन ते पाच वर्षे आणि अभ्यासाच्या भाषेला चार ते सात वर्षे लागतात असे दिसले. हे आकडे मी पहिल्या वर्षी वाचले असते तर माझी पुष्कळ काळजी वाचली असती. चौथीच्या मध्यापर्यंत मुलगी शेजारच्या मुलांशी अस्खलित इंग्रजीत भांडू लागली होती आणि पुस्तक मोठ्याने वाचताना एकही शब्द अडत नव्हता. पण वाचून झाल्यावर त्या गोष्टीतला मुलगा घरी का परतला, असे विचारले की ती खिडकीबाहेर पाहू लागे. मला वाटले, लक्ष नाही. वस्तुतः स्थलांतरित मुलांच्या वाचनावरचे संशोधन एकत्र करून 2006 मध्ये अमेरिकेतील एका राष्ट्रीय समितीने जो अहवाल दिला, त्यात हेच चित्र आहे: सुटे शब्द वाचण्यात ही मुले इंग्रजी घरांतल्या मुलांच्या बरोबरीने येतात, पण मजकूर समजण्यात मागे राहतात, आणि त्याचे मुख्य कारण तोंडी भाषेचा आणि शब्दसंग्रहाचा अपुरा पाया हे असते.

आता दुसरी कसोटी, म्हणजे प्रत्यक्ष राबवणे. येथे माझे मत दुभंगते. रोज अर्धा तास मुलीला वर्गातून बाहेर काढून पाच-सहा मुलांच्या गटात इंग्रजी शिकवले जाई. त्या गटाच्या बाई उत्तम होत्या. चित्रे, अभिनय, वाक्याचे अर्धे सांगाडे देऊन मुलांकडून बोलून घेणे, एकाच शब्दाची पाच रूपे फळ्यावर मांडणे, हे सर्व त्या इतक्या मनापासून करत की, मुलीने घरी येऊन 'ए' आणि 'द' यांच्यातला फरक मला समजावून सांगितला, जो माझ्या शिक्षकांनी मला कधीही समजावला नव्हता. मराठीत 'एक' आणि 'तो' या शब्दांवर भागते, त्यामुळे ही दोन चिमुकली उपपदे आपल्याला आयुष्यभर छळतात. या अर्ध्या तासाला मी पूर्ण गुण देते. पण तो अर्धा तास ज्या वेळात बसवला होता, ती वेळ वर्गात विज्ञानाची होती, त्यामुळे तिसरीच्या वर्षात तिने चुंबक आणि हवामान हे दोन्ही भाग जवळजवळ चुकवले. राज्याच्या धोरणानुसार भाषेचा स्वतंत्र तास आणि प्रत्येक विषयाच्या आतून भाषेची जोपासना, या दोन्ही गोष्टी एकत्र चालायला हव्यात. आमच्या अनुभवात पहिली होती, दुसरी प्रत्येक शिक्षकाच्या मर्जीवर होती.

या सेवेचे खरे व्यंग मला अपूर्णांकांच्या धड्यात दिसले. तिसरीतच येथे अर्धा, तृतीयांश, चतुर्थांश शिकवतात आणि पालकसभेत वर्गशिक्षिकेने सांगितले की, मुलीला अपूर्णांकांची कल्पनाच नाही. मी घरी येऊन विचारले, पाऊण लिटर दूध म्हणजे किती पाव लिटर? ती म्हणाली, तीन. दीडाचे दुप्पट? तीन. अडीच आणि पाव? पावणेतीन. आजोबांबरोबर डेअरीवर जाणाऱ्या मुलीला हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. अडचण इतकीच होती की, इंग्रजीत पाव भागालाही 'फोर्थ' म्हणतात आणि रांगेतल्या चौथ्यालाही 'फोर्थ'च म्हणतात, त्यामुळे 'थ्री फोर्थ्स' ऐकले की तिच्या डोळ्यांसमोर रांगेत चौथे उभे असलेले तीन जण येत. कल्पना तिच्याकडे होती आणि शब्दही होते. फक्त ते शब्द मराठी होते आणि ते विचारण्याची व्यवस्था या सेवेत कोठेही नाही. पहिल्या भाषेत शिकलेली संकल्पना दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावी लागत नाही, फक्त तिचे नाव शिकावे लागते, हा या संशोधनातला सर्वात जुना आणि सर्वात कमी वापरला गेलेला निष्कर्ष आहे. एल्पॅक मुलीचे ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे दर वर्षी मोजते, पण चारही बाजूंनी फक्त इंग्रजी. मूल आठ वर्षे जे शिकून आले, त्याचा एकही रकाना कोणत्याही कागदावर नाही. जणू ते कोरी पाटी घेऊन विमानात बसले होते.

यामागे इतिहासही आहे. 1998 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 61 टक्के मतांनी प्रस्ताव 227 मंजूर केला आणि ईएल मुलांना बहुतांशी इंग्रजीतूनच, तेही साधारणपणे एका वर्षापुरत्या खास वर्गात, शिकवावे असा कायदा झाला. एकीकडे संशोधक चार ते सात वर्षे म्हणत होते आणि दुसरीकडे मतपेटी एक वर्ष म्हणत होती. कायदा झाल्यानंतरच्या पाच वर्षांचे मूल्यमापन 2006 मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात केवळ इंग्रजी आणि द्विभाषिक यांपैकी एका पद्धतीने दुसरीवर मात केल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही, आणि कॅलिफोर्नियाच्या शाळांत दहा वर्षे काढल्यावरही ईएल मूल 'प्रवाही' ठरण्याची, म्हणजे पुरेसे इंग्रजी येते असे मानून ईएलमधून बाहेर पडण्याची, शक्यता 40 टक्क्यांहून कमी असल्याचे दिसले. वहिनींची भीती याच आकड्यातून आलेली असावी. अखेर 2016 मध्ये प्रस्ताव 58 ने तो निर्बंध उठवला, या वेळी 73 टक्क्यांहून अधिक मतांनी. आता द्विभाषिक वर्ग, म्हणजे इंग्रजी आणि आणखी एक भाषा अशा दोन्हींतून शिकवणारे वर्ग, मोकळेपणाने काढता येतात. पण ज्या शाळांची एक अख्खी पिढी इंग्रजीपुरती घडली, तेथे द्विभाषिक शिक्षक एका मतदानाने तयार होत नाहीत.

द्विभाषिक वर्गांच्या बाजूचा पुरावा दरम्यान वाढतच गेला आहे. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात अशा वर्गांत प्रवेश सोडतीने दिला जाई, त्यामुळे नाव लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची रास्त तुलना करता आली. नाव लागलेली मुले पाचवीत इंग्रजी वाचनात सुमारे सात महिने आणि आठवीत सुमारे नऊ महिने पुढे होती. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या डिस्ट्रिक्टमधील लॅटिनो मुलांच्या 2014 मधील अभ्यासात आणखी रोचक गोष्ट दिसली: केवळ इंग्रजी वर्गांतली मुले प्राथमिक शाळेत ईएल शिक्क्यातून लवकर बाहेर पडली, पण शाळा संपेपर्यंत बाहेर पडणाऱ्यांचे एकूण प्रमाण द्विभाषिक वर्गांत अधिक होते. मराठी पालकाला या पुराव्याचा थेट उपयोग नाही, हेही कबूल केले पाहिजे. द्विभाषिक वर्ग बहुतेक स्पॅनिशचे असतात, काही ठिकाणी मँडरिनसारख्या दुसऱ्या भाषांचे असतात. मराठीचा वर्ग भरेल इतकी मुले एका शाळेत सहसा नसतात. आपल्यासाठी तो वर्ग म्हणजे घर, आणि फार तर रविवारची मराठी शाळा.

म्हणूनच घरी काय करावे, याबाबत सेवेने दिलेला सल्ला महत्त्वाचा ठरतो, आणि तेथे ती मला सर्वाधिक कमी पडलेली दिसली. चौथीच्या पालकसभेत एका शिक्षिकेने अत्यंत सद्भावनेने सुचवले की, घरी थोडे इंग्रजी बोलत चला, म्हणजे तिला सराव होईल. माझे इंग्रजी कामापुरते आहे. माझ्या तुटक इंग्रजीतून तिला मिळणारा सराव आणि माझ्या मराठीतून मिळणाऱ्या गोष्टी, म्हणी, हिशेब, रागावणे, समजावणे, यांची तुलनाच होऊ शकत नाही. संशोधक लिली वाँग फिलमोर यांनी 1991 मध्ये हजाराहून अधिक स्थलांतरित कुटुंबांच्या पाहणीतून दाखवले होते की, लहान वयात इंग्रजी शाळेत गेलेली मुले घरची भाषा झपाट्याने सोडतात आणि मग आईवडिलांना आपल्याच मुलांशी मनातले बोलण्यासाठी भाषा उरत नाही. हे वाचल्यानंतर मी त्या शिक्षिकेला नम्रपणे नकार दिला आणि रोज रात्री मराठी वाचन सुरूच ठेवले. शिक्षिका तोवर वाईट नव्हत्या आणि नंतरही नव्हत्या. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते, इतकेच.

पालकांशी संपर्क हा या सेवेचा सर्वात विनोदी भाग आहे. राज्याच्या कायद्याप्रमाणे शाळेतल्या 15 टक्के किंवा अधिक मुलांची जी भाषा असेल, तिच्यात सूचनापत्रे भाषांतरित करावी लागतात. मराठी सहसा त्या उंबरठ्याच्या जवळपासही जात नाही. तरीही ज्या पालकांना इंग्रजी पुरेसे येत नाही, त्यांना समजेल अशा भाषेत माहिती देणे शाळेवर बंधनकारक असल्याने माझ्या सासूबाई सभेला आल्या, तेव्हा मी दुभाष्याची मागणी केली. फोनवरून दुभाषी मिळालाही, पण तो हिंदीचा. सासूबाईंनी वीस मिनिटे त्याच्याशी शुद्ध साताऱ्याच्या मराठीत संवाद साधला आणि तो बिचारा "जी, जी" करत राहिला. पुढच्या सभेपूर्वी आठवडाभर आधी 'मराठी, हिंदी नव्हे' असे लेखी कळवले, तेव्हा योग्य माणूस मिळाला. 21 किंवा अधिक ईएल मुले असलेल्या शाळेत पालकांची सल्लागार समिती असावी लागते. तिच्या बैठकीला जरूर जावे, कारण मुलांना कोणत्या तासातून बाहेर काढायचे, हा प्रश्न आम्ही तेथेच मांडला आणि विज्ञानाचा तास पुढच्या वर्षापासून वाचला.

तिसरी कसोटी परिणामांची. एल्पॅकमध्ये चार पातळ्या असतात. मुलीला पहिल्या वसंतात दुसरी पातळी मिळाली, नंतर सलग दोन वर्षे तिसरी, आणि सहावीत चौथी. हाकुटांच्या मोजपट्टीवर हा प्रवास अगदी सरळ मार्गी आहे, पण शाळेत ज्या सुरात 'अजून तिसरीच' असे सांगितले गेले, त्याने दोन वर्षे घरात एक अनामिक अपराधीपणा वावरत होता. सहावीत शिक्क्याची किंमतही मोजावी लागली: माध्यमिक शाळेत भाषेचा स्वतंत्र तास ऐच्छिक विषयाच्या जागी बसवला गेला आणि तिचा व्हायोलिनचा वर्ग सुटला. सहा वर्षे झाली तरी जी मुले ईएलमध्येच राहतात, त्यांचे ऐच्छिक विषयांचे तास असेच वर्षामागून वर्षे जातात. पालक सेवा नाकारू शकतात, हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र सेवा नाकारली तरी शिक्का जात नाही आणि वार्षिक चाचणीही चुकत नाही, म्हणून मी तो मार्ग घेतला नाही.

सेवा विनामूल्य आहे, शिक्षिका प्रामाणिक आहेत आणि इंग्रजी खरोखर शिकवली जाते, म्हणून मी पाचपैकी तीन गुण देते. मराठी पालकांना सुचवेन की, फॉर्मवर खरे लिहावे, पहिल्याच सभेत अर्धा तास कोणत्या विषयातून कापला जातो ते विचारावे, मुलाला मराठीत काय येते याचे एक पानभर टिपण स्वतःहून वर्गशिक्षकाला द्यावे, आणि शिक्का काढण्याच्या वेळी पालकांचे मत विचारात घेणे हा चार निकषांपैकी एक आहे, हे विसरू नये.

जून 2025 मध्ये मुलगी 'प्रवाही' ठरल्याचे पत्र आले. आता चार वर्षे शाळेला तिच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे लागेल. बारावीच्या शेवटी राज्य एक द्विभाषिकतेची मुद्रा देते. इंग्रजीसह आणखी एका भाषेत प्रावीण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर ती लावली जाते, आणि 2011 मध्ये असा कायदा करणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य होते. मराठीसाठी ते प्रावीण्य कोण तपासणार, हे विचारायला मी मागच्या महिन्यात डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात गेले. तेथील बाईंनी भाषेच्या नावाचे स्पेलिंग माझ्याकडून दोनदा घेतले, संगणकातली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि चौकशी करून कळवते म्हणाल्या.